खातेवही तीच, खुणा वेगळ्या



दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पुण्याहून जालन्यास आली, तेव्हा तिच्या खांद्याला कपड्यांच्या बॅगेबरोबर एक लांबलचक प्लास्टिकची नळी अडकवलेली होती. भिंतीवर लावण्यासाठी एखादे चित्र आणले असावे, असे मला रेल्वे स्टेशनवर वाटले. घरी आल्यावर तिने नळीचे झाकण उघडले आणि आतला भलामोठा कागद दिवाणखान्यातील सतरंजीवर पसरला. त्यावर रंगीत आलेख होते, ठिपके होते आणि मणी ओवलेल्या दोऱ्यासारखी एक आकृती होती. क्रोमॅटिन, गुणसूत्रे आणि एपिजेनेटिक्स या विषयांवरील एका वैज्ञानिक परिषदेत हा कागद भिंतीवर लावून, त्याच्यासमोर उभे राहून तिला येणाऱ्या-जाणाऱ्या संशोधकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची होती.

मी एम.कॉम. झालेला मनुष्य. उभी हयात बँकेच्या नोकरीत गेली. जमाखर्चापलीकडचे शास्त्र माझ्या वाट्याला आले नाही. मी सहज विचारले, “बाई गं, हे सगळे फार मोठे असेल, पण आमच्यासारख्या संसारी माणसांना याचा काय उपयोग?”

तिने कागदावरून नजर उचलली आणि माझ्या पलंगाशेजारच्या फळीकडे पाहिले. म्हणाली, “मामा, त्या बी-१२च्या गोळ्या तुम्ही घेता, की नुसत्या मांडून ठेवल्या आहेत?”

गोळ्यांचे पाकीट दोन महिन्यांपासून फोडलेलेही नव्हते. मी गप्प बसलो. त्यानंतरच्या चार संध्याकाळी तिने मला जे समजावून सांगितले, आणि त्यामुळे आमच्या घरात जे उघडकीस आले, ते या महिन्याच्या लेखात आपणासमोर ठेवीत आहे.

प्रथम गुणसूत्रांविषयी. आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळाला. त्यामुळे बियाण्यातील गुण पिढीजात उतरतात, हे आपल्याकडील सामान्य शेतकऱ्यासही सांगावे लागत नाही. हे गुण ज्या सूत्रांवर लिहिलेले असतात, ती गुणसूत्रे. देशी कापसाच्या पेशीत ती २६ असतात, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२ आणि माणसाच्या पेशीत ४६. म्हणजे संख्येवरून थोरवी ठरत नाही. आपल्या ४६ पैकी २३ मातेकडून येतात व २३ पित्याकडून. मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या एका गुणसूत्रावर ठरते. तरीही त्याचा बोल आजवर बिचाऱ्या सुनेलाच लावला गेला, ही आपल्या समाजाची जुनी चूक आहे.

या गुणसूत्रांतील मूळ द्रव्य म्हणजे डीएनए. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तो ज्या केंद्रकात राहतो, ते केंद्रक मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान. एवढा धागा एवढ्याशा जागेत गुंता न होता मावतो कसा? निसर्गाने त्यासाठी शिंप्याच्या दुकानातील उपाय केला आहे. त्याने धागा रिळांवर गुंडाळला. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचे एक रीळ आणि त्यावर डीएनएचे पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचे रीळ. भाचीच्या कागदावरील मण्यांची माळ ती हीच. धागा आणि रिळे मिळून जे द्रव्य होते त्यास क्रोमॅटिन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांना सूक्ष्मदर्शकाखाली हे द्रव्य रंग चटकन शोषून घेताना दिसले, म्हणून रंगावरून त्याचे नाव पडले. रिळाची ही रचना १९७४ मध्ये रॉजर कोर्नबर्ग यांनी मांडली.

माझ्यासारख्या बँकेच्या माणसाला या पुढची गोष्ट अधिक जवळची वाटली. आपल्या डोळ्याच्या पेशीत जी खातेवही आहे, तीच यकृताच्या पेशीत आहे. पाने तीच, नोंदी त्याच. मग डोळा पाहतो आणि यकृत पचनाची कामे करते, हा भेद कशाने होतो? कोणती पाने उघडी ठेवायची आणि कोणती मिटायची, यावरून. जो धागा रिळावर घट्ट गुंडाळलेला असतो, तेथील मजकूर वाचता येत नाही. जो सैल असतो, तो वाचला जातो. धाग्यावर व रिळांवर बारीक रासायनिक खुणा असतात आणि काय घट्ट राहावे व काय सैल, हे त्या खुणा ठरवितात. त्यांतील सर्वांत परिचित खूण म्हणजे मेथिल नावाचा लहानसा अणुसमूह. एखाद्या खात्यावर ‘व्यवहार स्थगित’ अशी चिठ्ठी लावावी, तसा तो डीएनएवर चिकटतो. खात्यातील शिल्लक बदलत नाही, अक्षरही खोडले जात नाही. पण खाते चालत नाही. मूळ अक्षर न बदलता त्याचे वाचन बदलणाऱ्या या खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. हा शब्द १९४२ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी रूढ केला. त्यामागील रसायन उलगडण्यास मात्र पुढे अनेक दशके लागली. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर या संस्थेच्या नामांकित वार्षिक परिषदेचा विषय १९७३ मध्ये गुणसूत्रांची रचना व कार्य हा होता. २००४ मध्ये तीच परिषद एपिजेनेटिक्सला वाहिलेली होती. आपल्याकडे पुण्यातील आयसर, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी येथे या विषयावर वर्षानुवर्षे काम चालू आहे.

“पण या खुणा लावतो कोण?” मी विचारले.

“पेशीच लावते, मामा. पण कच्चा माल आपल्या ताटातून येतो.”

येथून ती गोष्ट माझ्या फळीवरील पाकिटापर्यंत येऊ लागली.

तिने पहिले उदाहरण मधमाश्यांचे दिले. आपण मध वर्ज्य मानतो, तरी त्या जीवाकडून शिकण्यास हरकत नाही. पोळ्यातील राणीमाशी आणि कामकरी माशी यांच्या खातेवहीत भेद नसतो. ज्या अळीला वाढीच्या सर्व काळात एक विशिष्ट पौष्टिक खाद्य मिळते, ती राणी होते. इतर अळ्यांना ते थोडे दिवसच मिळते व त्या कामकरी होतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अळ्यांतील मेथिलच्या खुणा लावणारी यंत्रणा मंद केली, तेव्हा ते खाद्य नसतानाही बहुसंख्य अळ्या राणी झाल्या. दुसरे उदाहरण अमेरिकेतील उंदरांचे. प्राण्यांवरील प्रयोगांबद्दल आपल्या मनात वेदना असते आणि ती असावीच. पण जे ज्ञान झाले ते दडवूनही ठेवता येत नाही. २००३ मध्ये वॉटरलँड व जर्टल यांनी दाखविले, की एका विशिष्ट जातीच्या गाभण उंदरिणींना फोलिक ॲसिड, बी-१२ आणि तत्सम पोषक द्रव्ये अधिक दिली असता त्यांच्या पिलांपैकी अधिक पिले पिवळ्याऐवजी तपकिरी रंगाची निपजली. पिलांच्या जनुकांचे अक्षर बदलले नव्हते. एका जनुकावरील मेथिलच्या खुणा वाढल्या होत्या.

“माणसाचे सांग,” मी म्हणालो. तेव्हा तिने हॉलंडची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी रोजचा शिधा हजार कॅलरींहूनही खाली आला. त्या उपासमारीतही तेथील दवाखान्यांनी जन्माच्या नोंदी सोडल्या नाहीत. त्यामुळे सुमारे साठ वर्षांनंतर, त्या काळात गर्भात आलेली माणसे शोधून त्यांच्या रक्ताची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांच्या रक्ताशी करता आली. २००८ मध्ये लायडनचे बास्तियान हेइमान्स व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, की वाढीशी संबंधित एका जनुकावरील मेथिलच्या खुणा या माणसांत त्यांच्या भावंडांपेक्षा कमी होत्या. मातेच्या पोटातील काही आठवड्यांची उपासमार लेकराने साठीपर्यंत अंगावर वागविली होती.

हे ऐकताना मला १९७२चा दुष्काळ आठवला. मी तेव्हा शाळेत होतो. जालना तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता; स्वतंत्र जिल्हा पुढे १९८१ साली झाला. रस्त्याच्या व तलावाच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायका, त्यांना वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी ज्यांनी पाहिली, ते विसरणार नाहीत. त्या बायकांपैकी कित्येकींना दिवस गेलेले असत. त्यांची लेकरे आज पन्नाशीत आहेत. कोणाच्याही आजाराकडे पाहताना ‘याच्या खाण्यापिण्याची शिस्त नाही’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. त्याच्या आईने त्या वर्षी काय खाल्ले होते, हे आपण कधीच विचारीत नाही.

हॉलंड दूर आहे. पण पुणे जवळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास आरंभिला. लग्न झालेल्या तरुण स्त्रिया गर्भवती होण्याच्या आधीपासून त्यांची नोंद ठेवायची, गर्भारपणात त्यांचा आहार व रक्त तपासायचे, जन्मलेल्या बाळाची मापे घ्यायची आणि पुढे ते बाळ मोठे होईपर्यंत त्याची साथ सोडायची नाही, असा हा क्रम. बँकेत तीन वर्षांची थकीत खाती सांभाळताना आमची दमछाक होत असे. या मंडळींनी खेड्यापाड्यांतील शेकडो कुटुंबे तीन दशके सांभाळली, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्या नोंदींतून जे निघाले, ते प्रत्येक शाकाहारी घराने वाचावे असे आहे. पुण्याकडील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु या किरकोळ दिसणाऱ्या बाळांत स्नायू कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून कृश, आतून मेदयुक्त. पुढे मधुमेहाकडे झुकणारी शरीराची ही घडण जन्मापासूनच दिसत होती. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. आणि रक्ताच्या तपासणीत असे आढळले, की दर तीन गर्भवतींपैकी जवळजवळ दोघींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, तर फोलेटची कमतरता क्वचितच होती. ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ज्यांच्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचे कारण भाचीने मला माझ्याच भाषेत समजावले. फोलेट आणि बी-१२ ही जोडीने काम करणारी जीवनसत्त्वे आहेत. मेथिलचा गट फोलेट घेऊन येते. तो पुढे सुपूर्त करण्यासाठी बी-१२ लागते. बी-१२ नसेल तर फोलेट तसेच अडकून पडते. बँकेत बाहेरगावची रक्कम आली, पण जुळणारी नोंद सापडली नाही, तर ती सस्पेन्स खात्यात पडून राहते. कागदोपत्री पैसा आलेला असतो, खातेदाराच्या हाती मात्र पडत नाही. तसाच हा प्रकार. आणि ज्या खुणांविषयी मी वर लिहिले, त्या लावण्यासाठी हाच मेथिल लागतो. पुण्याचे केईएम आणि हैदराबादच्या सीसीएमबीतील डॉ. गिरिराज चांडक यांच्या चमूने २०१८ मध्ये दाखविले, की बी-१२ दिल्यानंतर मधुमेहाशी संबंधित काही जनुकांवरील मेथिलच्या खुणा खरोखर बदलतात. ताटापासून धाग्यापर्यंतची वाट अशी जुळली.

आता आमच्या घराची गोष्ट. ती सांगताना मला संकोच होतो. पण न सांगितल्यास हा लेख लिहिण्याचा मला अधिकार उरणार नाही.

निवृत्तीनंतर माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. नावे विसरू लागलो. डॉक्टरांनी रक्त तपासून बी-१२ फार कमी असल्याचे सांगितले व गोळ्या लिहून दिल्या. मी त्या आणल्या, पण घेतल्या नाहीत. मनात एक ताठा होता. आपला आहार पूर्वजांनी विचारपूर्वक ठरविलेला, त्यात उणीव असेलच कशी? जेवणाच्या पंगतीत मी हे मोठ्याने बोलूनही दाखविले. “आमच्या आईने कुठल्या गोळ्या खाल्ल्या होत्या? आपल्या अन्नात काही कमी नाही,” असे मी सर्वांदेखत म्हणालो होतो.

भाची चौथ्या संध्याकाळी हे सारे सांगत असताना आमची सून दाराशी उभी होती. तिला पाचवा महिना लागलेला. ती आत गेली आणि कपाटातून घडी घातलेला एक कागद घेऊन आली. माझ्या हाती दिला नाही. भाचीच्या हाती दिला. तीन महिन्यांपूर्वी माहेरी असताना केलेल्या तपासणीचा तो अहवाल होता. बी-१२चा आकडा किमान मर्यादेच्या बराच खाली होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या होत्या. लोहाच्या व फोलिक ॲसिडच्या गोळ्या ती नियमाने घेत होती. ही एक चिठ्ठी मात्र तिने कपाटात ठेवून दिली होती.

“का गं घेतल्या नाहीस?” सौभाग्यवतीने विचारले.

ती खाली पाहून म्हणाली, “पप्पा म्हणाले होते ना, आपल्या अन्नात काही कमी नाही. मला वाटले, घेतल्या तर त्यांना वाईट वाटेल.”

वाचकहो, नोकरीत मी अनेक चुका पाहिल्या, काही केल्याही. बहुतेक चुका उलट नोंद करून दुरुस्त करता येतात. पण माझ्या एका बढाईच्या वाक्याने घरातील गर्भवती लेकीचे औषध तीन महिने थांबले, याची उलट नोंद कोणत्या वहीत करावी? दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. उपचार सुरू झाले. पुढची तपासणी समाधानकारक आली आहे. आणि मीही पाकीट फोडले.

यावर काही शंका येतील. माझ्याही मनात त्या आल्या होत्या.

पहिली शंका अशी, की याचा अर्थ शाकाहार अपुरा आहे काय? माझे उत्तर असे, की आपला आहार उत्तम आहे. त्यात एक नोंद कमी पडते, ती भरून काढावी. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही, कोणताही प्राणीही करीत नाही. ते केवळ सूक्ष्म जीवाणू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातील जीवाणूंमुळे ते दुधात उतरते. म्हणून दूध, दही, ताक हेच आपल्या आहारातील त्याचे मुख्य साधन. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. पेलाभर दुधातून जेमतेम एक मिळतो. ज्या घरात दूध केवळ चहापुरते उरले आहे आणि तेही वारंवार उकळले जाते, तेथे हा हिशेब जुळणार कसा? आजीच्या काळी घरी दुभते जनावर होते, ताकाचा डेरा होता. आपण तिच्या आहाराचे नाव ठेवले आणि त्यातले दूध कमी केले. आजच्या तरुण पिढीतील काही मुले-मुली दुग्धव्यवसायातील हिंसा पाहून दूधही सोडतात. त्यांच्या करुणेचा मी आदर करतो. पण त्यांना बी-१२ बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांना प्रेमाने सांगितलेच पाहिजे.

दुसरी शंका गोळीची. बी-१२ची औषधे जीवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार केली जातात. मांसापासून ती काढलेली नसतात. काही कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून औषध घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा आणि औषध दुकानदारास स्पष्ट विचारावे. जिलेटिन नसलेल्या साध्या गोळ्या मिळतात. जीवाणूंविषयी ज्यांना सूक्ष्म विचार करावयाचा आहे, त्यांनी आपल्या गुरुजनांना जरूर विचारावे, मात्र विचारावे. चिठ्ठी कपाटात ठेवू नये.

तिसरी गोष्ट शंका नव्हे, मोह आहे. पूर्वीच्या कृतीची खूण पुढे उमटते, हे ऐकताच ‘आपल्या कर्मसिद्धान्ताला विज्ञानाने दुजोरा दिला’ असे म्हणावेसे वाटते. मी हे भाचीला बोलून दाखविले, तेव्हा ती हसली. म्हणाली, “मामा, गर्भधारणेच्या वेळी या खुणांपैकी बहुतेक पुसल्या जातात आणि नव्याने लिहिल्या जातात. माणसात त्या पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, असे सिद्ध झालेले नाही. आणि जे फरक सापडतात, तेही फार बारीक असतात.” आपला सिद्धान्त आपल्या पायांवर उभा आहे, त्याला प्रयोगशाळेच्या काठीची गरज नाही. विज्ञानालाही आपल्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. तसेच ‘जनुके जागृत करून देतो’, ‘गर्भातच बुद्धिमान संततीच्या खुणा लावून देतो’ अशा जाहिरातींपासून दूर राहावे. एपिजेनेटिक्सचे नाव घेऊन पैसे मागणारा माणूस समोर आला, की आधी त्याची कागदपत्रे तपासा, हा बँकेतील जुना नियम येथेही लागू आहे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे ज्ञान मातेला दोष देण्यासाठी नाही. सासूने सुनेच्या ताटावर पहारा ठेवावा, यासाठीही नाही. सुनेच्या ताटात काय पडते, हे बहुधा घर ठरविते. सर्वांचे झाल्यावर उरलेले दूध तिच्या वाट्याला येत असेल, तर दोष तिचा नव्हे.

मुंबईत डॉ. रमेश पोतदार व इंग्लंडच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी ‘सरस’ नावाचा एक प्रकल्प चालविला. झोपडपट्टीतील स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक अल्पोपाहार देण्यात आला. त्यात काय होते? पालेभाजी, फळे आणि दूध. ज्या स्त्रिया मुळात फार कृश नव्हत्या आणि ज्यांनी तो किमान तीन महिने आधीपासून घेतला, त्यांच्या बाळांचे वजन वाढले. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही घटले. पुण्यातही ज्या मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला, त्यांना २०१२ पासून, ती किशोरवयात असतानाच, रोज बी-१२ची अल्प मात्रा देण्याचा प्रयोग झाला. पुढे त्या मुली माता झाल्या आणि त्यांची बाळे दोन वर्षांची झाली, तेव्हा बी-१२ घेतलेल्या मातांच्या बाळांची बौद्धिक वाढीच्या चाचणीतील कामगिरी सरस दिसली. म्हणजे तयारी लग्नानंतर नव्हे, लग्नाच्या आधीपासून करावयाची आहे, आणि त्यासाठी आपला आहारधर्म मोडण्याची गरज नाही.

म्हणून आपणा सर्वांना चार गोष्टींची विनंती करतो.

विवाहयोग्य मुलींची व नवविवाहित सुनांची, तसेच साठीपुढील सर्वांची बी-१२ तपासणी एकदा करून घ्यावी. कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, पूर्ण मुदतीपर्यंत औषध घ्यावे.

गर्भवतीला शासकीय योजनेतून मिळणाऱ्या लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या कदापि बंद करू नयेत. बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी फोलिक ॲसिड आवश्यकच आहे. त्या गोळ्यांत बी-१२ नसते, एवढे ध्यानात ठेवून त्याविषयी डॉक्टरांना स्वतंत्र विचारावे.

घरातील दुधाची पहिली वाटी चहाच्या पातेल्यात न जाता मुलीसुनांच्या हाती जावी. ताटात पालेभाजी, डाळ व फळ असावे. चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांनी उरलेल्या महिन्यांत त्याची भरपाई करावी.

आणि अहवाल जपून ठेवावेत. हॉलंडच्या दवाखान्यांनी उपासमारीतही नोंदी ठेवल्या, म्हणून साठ वर्षांनी जगाला उत्तर मिळाले. आपण दुकानाच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपतो. घरातील मातांच्या आणि बाळांच्या आरोग्याची एक वही त्यांच्या शेजारी ठेवण्यास काय हरकत आहे?

भाची परिषदेला जाऊन आली. तिच्या कागदासमोर बरेच लोक थांबले, प्रश्न विचारले, एकाने चूकही दाखविली, असे तिने फोनवर आनंदाने सांगितले. चूक दाखविल्याचा आनंद होणारी ही मंडळी मला फार आवडली. आमच्या घरी मात्र पंगतीत ‘आपल्या अन्नात काही कमी नाही’ हे वाक्य आता कोणी उच्चारीत नाही. रोज सकाळी सून माझ्यासमोर गोळी ठेवते, मी तिच्यासमोर दुधाचा पेला ठेवतो, आणि दोघेही एकमेकांची नोंद तपासून घेतो.

या लेखात काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास क्षमा असावी.

जय जिनेंद्र.